हात फिरवून बघणे

सोमवारी उद्यमनगर बंद असतं,
म्हणून दस्तगीर शिकलगारांनी मला सोमवारीच बोलावलं.
अर्धं शटर वर. आत कटिंग ऑइलचा वास,
लेथवर गोणपाट,
आणि बाकावर मी मागितलेला फ्लँज:
आठ बोल्ट, तीस नंबरचा पाना.

माझ्या पिशवीत स्टॉपवॉच, एक जाड रेनकोट,
रबरी हातमोज्यांच्या दोन जोड्या
आणि तक्ता. त्यातली एकेचाळिसावी ओळ:
गॅस्केट बदलणे, बारा मिनिटे.
कुणी लिहिली माहीत नाही.
ज्यानं लिहिली त्यानं पाना धरलेला नसावा.

मी सांगायला लागले:
लांब कुठंतरी एक भट्टी व्हायची आहे,
हायड्रोजनला हायड्रोजन जोडणारी.
ती विझवली तरी भोवतीचं पोलाद लगेच विसरत नाही,
चिमूटभर कोबाल्ट असला त्यात, तर वर्षानुवर्षं.
बारा दिवस थांबून माणसं आत जाणार,
तिथं ताशी शंभर मायक्रोसीव्हर्ट,
आणि कुणाच्या अंगात किती जाईल
ते मला आज सांगायचंय.
ती माणसं आत्ता शाळेत असतील.
काही जन्मायची असतील.

"भाजतंय?"
नाही.
"वास?"
नाही.
"मग भाईर कवा यायचं ते त्याला सांगणार कोण?
फौंड्रीत चटका सांगतोय.
चटका लई इमानदार बघा, मालकाचं बी ऐकत न्हाई."
मी म्हटलं, छातीवर बिल्ला असतो.
आणि माझा तक्ता.
नव्या दुकानातल्या काट्याकडं बघावं
तसं ते तक्त्याकडं बघत राहिले.

उघड्या हातांनी तेरा मिनिटं.
मग रेनकोट, मोज्यावर मोजा, चष्म्यावर वाफ.
पाचवा बोल्ट अडला.
"ह्यो एक असतोयच," टोपीच्या आतून आवाज,
"तुमच्या कागदात ह्याला जागा हाय का?"
नव्हती.
तीस मिनिटं. म्हणजे पन्नास मायक्रोसीव्हर्ट, वीस नव्हे.
मी बारा खोडले. कागद थोडा फाटला.

काम झालं. मी स्टॉपवॉच थांबवलं.
ते खडूनं आखलेल्या दारापर्यंत आले,
आणि वळले.
परत जाऊन आठही बोल्टांवरून
तळवा फिरवला, सावकाश,
ताप उतरला का बघावा तसा.
काही राहिलं होतं?
"न्हाई. काय राहणार?"
मी घड्याळ पुन्हा चालू केलं होतं.
दोन मिनिटं.

आमच्यात एकत्रित डोस मोजायचं एकक आहे
माणूस-सीव्हर्ट.
मधली ती छोटी रेघ
मी वीस वर्षं न बघता टंकत आले.

रात्री राजारामपुरीत, सातव्या गल्लीत,
मी नवी ओळ घातली:
पुन्हा हात फिरवून बघणे, दोन मिनिटे.
असे फ्लँज एकशे ऐंशी. सहा तास झाले.
सहाशे मायक्रोसीव्हर्ट, काहीच न राहिल्याचे.

साहेबांचं उत्तर लगेच आलं:
ही ओळ काढा. कॅमेरा बघेल.
कमीत कमी वेळ, हाच तर आपला धडा.
साहेब चुकत नाहीत. धडा मीच शिकवते नव्या पोरांना.
कॅमेरा बघेलही.
पण ज्याला हात आहेत तो वळणार,
ओळ असो नसो.
ओळ काढली तर डोस तेवढाच राहील,
फक्त तो मी मोजलेला नसेल.

ओळ ठेवली.
शेरा या रकान्यात कारण द्यावं लागतं,
तिथं अजून काही सुचलेलं नाही.

मंगळवारी सकाळी फोन:
"ताई, त्यो पाचवा बोल्ट बदलून टाकला.
आटे गेलते त्याचे."
त्या फ्लँजला
कुठलाच पाइप जोडलेला नव्हता.